सैल तारेचा सूर

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून एटापल्लीकडे निघालं की रस्त्याकडेच्या झाडांवर तांबडी धूळ दिसू लागते. ही धूळ सूरजागडच्या पहाडातल्या लोहखनिजाची. त्या पहाडावर माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते. पहाडाचा विषय निघाला की आपण टनांत बोलतो. त्याच्या मातीत एक अतिशय नाजूक गोष्टही आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

पिवळी माती भाजली की लाल होते, हे गेरू हाताळणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पिवळा रंग गोथाइट या खनिजाचा, लाल हेमॅटाइटचा. हवापाण्यात मुरलेल्या लोहखनिजात हेमॅटाइटच्या सोबतीला बहुधा गोथाइट असतंच. शुद्ध गोथाइटमध्ये लोखंड सुमारे 63 टक्के, हेमॅटाइटमध्ये 70. भाजताना जातं ते पाणी. पण हे ओलाव्याचं पाणी नव्हे. गोथाइटमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीतला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडेही ओढला गेलेला असतो. या शेजारओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. तीच ती नाजूक गोष्ट.

तो दिसतो कसा? चुलीसमोर बसल्यावर गालाला लागणारी धग म्हणजे मुख्यतः अवरक्त प्रकाश. ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला बंध तारेसारखा थरथरतो आणि आपल्या सुराशी जुळणारा अवरक्त प्रकाश तेवढा शोषून घेतो. शेजाऱ्यानं हायड्रोजन ओढला की ती तार सैल होते आणि सूर उतरतो. मोकळ्या जोडीचा सूर 3650 च्या आसपास असतो, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये तेवढ्या लहरी. गोथाइटमध्ये तो 3140 पर्यंत खाली येतो. जितका सूर उतरला, तितकी शेजाऱ्याची ओढ जास्त.

खनिजात मात्र असे असंख्य बंध एकमेकांत गुंतलेले असतात. एकच ओढ मोजायची तर दोनच रेणू एकत्र आणून बाकी जगापासून तोडावे लागतात. ते अवघड आहे, कारण पाण्याच्या दोन रेणूंना धरून ठेवणारा बंध रेणूच्या आतल्या बंधाच्या मानानं सुमारे 37 पट दुबळा असतो. साध्या उष्णतेतल्या धडकाधडकीत तो सतत जुळतो आणि तुटतो.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संजय वाटेगावकर यांच्या प्रयोगशाळेनं नेमकं हेच केलं. हेलियम वायूत रेणूंची किंचित वाफ मिसळायची आणि तो वायू बारीक छिद्रातून निर्वात पेटीत सोडायचा. वायू झपाट्यानं फुलतो, उणे 260 अंशांच्या आसपास गारठतो आणि रेणू जोडीजोडीनं चिकटतात. मग एका अतिनील लेझरनं फक्त हव्या त्या जोडीचे आयन करून मोजत राहायचं. त्याच्या क्षणभर आधी अवरक्त लेझर सोडायचा आणि त्याचा सूर हळूहळू बदलत न्यायचा. जोडीनं तो प्रकाश शोषला की आयनांची संख्या एकदम घटते. आलेखात तिथे दिसणारी दरी म्हणजे त्या जोडीचा सूर. फिनॉलची मोकळी तार 3657 वर वाजते. पाण्याचा एक रेणू शेजारी आला की 3524 वर.

या तंत्रानं वाटेगावकर आणि हिमांशू बिस्वाल यांनी 2009 च्या सुमारास गंधकाकडे मोर्चा वळवला. पाठ्यपुस्तकांच्या मते गंधक हायड्रोजन बंधात लंगडा. इलेक्ट्रॉन ओढण्याची ऑक्सिजनची मोजपट्टीवरची किंमत 3.44, गंधकाची 2.58, हायड्रोजनच्या 2.20 पेक्षा जराशीच जास्त. पॅरा-क्रेसॉलसोबत गंधक असलेले रेणू बसवून पाहिले, तर काही जोड्यांत गंधकाकडची ओढ ऑक्सिजनच्या तोडीची निघाली! आपल्या शरीरातल्या प्रथिनांत गंधक आहे, आणि पॅरा-क्रेसॉल हा प्रथिनातल्या टायरोसिनच्या टोकासारखाच रेणू. म्हणून हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. पवईच्या आयआयटीत जी. नरेश पटवारी यांनी फिनाइलअॅसिटिलीनच्या जोड्यांवर असंच चिवट काम केलं. 2017 चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

असं लेझरचं यंत्र गडचिरोलीत लगेच येणार नाही. पण अवरक्त वर्णपटमापक अनेक विज्ञान महाविद्यालयांत असतो. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या भागातली चिमूटभर पिवळी माती पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून चकती करा आणि विद्यार्थ्यांना 3140 जवळची रुंद दरी दाखवा. मग तीच माती 300 अंशांच्या वर तासभर भाजून पुन्हा मोजा. माती लाल झालेली असेल आणि ती दरी भरून आलेली असेल.