पांढराफेक लिंब

या पोरांनो, बसा जवळ. शहागंजातला तो घड्याळाचा जुना मनोरा पाहिलाय ना, बाजाराच्या गलक्यात उभा असलेला? ऐन उन्हाळ्यात, माणसं डोक्यावर उपरणं घेऊन सावली धुंडत असतात तेव्हा, तिथं एका खास कॅमेऱ्यानं फोटो काढला, तर निळं आभाळ काळंभोर येतं आणि एखादा हिरवागार लिंब चक्क पांढराफेक!

भुताटकी नव्हे बरं. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेलनं, म्हणजे ज्यानं आधी युरेनस हुडकला त्याच गृहस्थानं, लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि एकेका रंगात तापमापक ठेवत गेला. तर तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसेना, तिथंच पारा सगळ्यात वर चढला. तेच अवरक्त किरण.

आपली नजर ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास संपते, कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला मात्र ११०० पर्यंत जाणवतं. त्यानं साध्या फोटोचे रंग बिघडतात, म्हणून कंपन्या सेन्सरपुढं पातळशी निळसर काच बसवून हे किरण दारातच अडवतात. तो खास कॅमेरा करायचा तर कारागीर ती काच काढून तिथं ७२० नॅनोमीटरचा, जवळजवळ काळा दिसणारा फिल्टर लावतो. काम मोठं नाजूक: धुळीचा कण आत राहिला की फोटोत डाग, आणि फ्लॅशचा कपॅसिटर तर बॅटरी काढल्यावरही असा झटका देतो की बस्स, तेव्हा घरी पेचकस घेऊन बसू नका.

तर आपला लिंब. पानातलं हरितद्रव्य तांबडा-निळा उजेड पिऊन टाकतं, अवरक्ताला शिवतही नाही. तो आतल्या पेशी अन् हवेच्या पोकळ्यांमधून, ताकाच्या फेसात उजेड विखुरतो तसा विखुरत पुन्हा बाहेर येतो. रॉबर्ट वुड या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९१० साली असे फोटो छापले, म्हणून या पांढरेपणाला त्याचंच नाव पडलं. आभाळाचं उलट: हवा निळा उजेड चहूकडं उधळते, अवरक्त बहुतेक सरळ निघून जातो, मग तिकडून कॅमेऱ्याकडं येणार काय?

मला तर सगळ्यात नवल कापडाचं वाटतं. दुकानात दोन काळी थानं शेजारी ठेवली, तर फोटोत एक काळंच राहील, दुसरं फिकट राखाडी होईल. कारण काही रंग फक्त डोळ्याला दिसणारा उजेड गिळतात, बाकीचा परत पाठवून देतात.