काचनळीतील वीस मिनिटे

आर्द्रा नक्षत्र लागले की घोटीच्या परिसरात भाताच्या आवणीची घाई सुरू होते. येथील भातगिरण्या आणि बाजारपेठ ज्या श्रमांवर उभी आहे, ते श्रम चिखलात पोटरीभर उभे राहून, बांधावरचे गवत हाताने कापून आणि अंधारात अनवाणी पाड्याकडे परतून केले जातात. याच दिवसांत, याच बांधांवर, उंदरांच्या मागावर घोणसही फिरत असते. तेव्हा सर्पदंश हा केवळ दैवाचा घाला नव्हे; तो शेतीच्या व्यवसायातील धोका आहे, आणि त्याचा विचारही तसाच व्हावयास हवा.

घोणस चावली की रक्त पातळ होते, असे सामान्यतः म्हटले जाते. प्रत्यक्षात घडते ते अधिक विलक्षण आहे. रक्तद्रवात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन असते. जखम झाली की त्याचे धागे बनतात आणि गुठळी धरते. घोणसीच्या विषातील घटक ही साखळी कारण नसताना सर्व शरीरभर चालू करून देतात. वर्षभराचे धान्य एका दिवसात उधळले जावे, तसा फायब्रिनोजेनचा सारा साठा थोड्या वेळात संपून जातो. मग हिरड्यांतून, लघवीवाटे, सुईच्या टोचणीतूनही रक्त वाहू लागते आणि ते थांबविण्यास शरीरापाशी काही उरत नाही. दंशाच्या जागी ब्लेडने चिरा देण्याची जुनी रीत घातक ठरते, ती याचमुळे.

या विषाला उत्तर आहे तेही रक्तातीलच प्रथिनांचे. शरीरात परका पदार्थ शिरला की त्याला नेमके पकडणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होतात. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने या तत्त्वावर नागाच्या विषावरचे प्रतिविष तयार केले. घोड्याला विषाच्या अल्प, पण वाढत्या मात्रा टोचावयाच्या आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करून माणसाला द्यावयाची, ही ती पद्धत. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने अनेक दशके हे काम केले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे हे औषध व्यवहारात लस म्हणून ओळखले जाते. त्यातील प्रतिपिंडे विषाला बांधून टाकतात, उधळपट्टी थांबते आणि यकृत काही तासांत फायब्रिनोजेनचा साठा पुन्हा भरू लागते.

विष रक्तात भिनले आहे की नाही, हे कळावे कसे? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यावयाचे, ती वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग तिरपी करून पाहावयाची. रक्त वाहिले, तर ते गोठण्याची शक्ती गेली आहे, असे समजावे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. साबणाच्या पाण्याने धुतलेली नळी फसविते. उपचारानंतर दर सहा तासांनी हीच चाचणी करून पुन्हा लस हवी की नको, हे ठरते. अर्थात रक्त गोठले म्हणून निश्चिंत होता येत नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते, आणि घोणसीचा परिणामही काही वेळा उशिरा दिसतो. रुग्णावर नजर ठेवावीच लागते.

मग अडते कोठे? घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीरालाही परकीच असतात. काही रुग्णांना त्यांची तीव्र प्रतिक्रिया येते, रक्तदाब घसरतो, श्वास कोंडतो. अशा वेळी अॅड्रिनलिनचे इंजेक्शन तत्काळ द्यावे लागते. एकट्याने केंद्र सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरला या प्रसंगाची भीती वाटते आणि तो लस हाती असूनही रुग्णाला पुढे धाडतो. घोटीहून नाशिक सुमारे ३५ किलोमीटर आहे. महामार्गावर हे अंतर फार नव्हे; परंतु डोंगराकडेच्या पाड्यावरून रात्री पावसात डांबरी रस्त्यापर्यंत येण्यातच मोलाचा वेळ गेलेला असतो. त्यात पुढच्या प्रवासाची भर पडते, तेव्हा विष थांबलेले नसते.

हा प्रश्न लहान नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला.

महाराष्ट्रात शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्याची तरतूद आहे. ती योग्यच आहे. परंतु मृत्यूनंतर खर्च करणारी व्यवस्था मृत्यूपूर्वीच्या काही रुपयांच्या काचनळीबाबत उदासीन राहिली, तर तिला काटकसर म्हणता येणार नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यापूर्वी लसीच्या निदान पहिल्या मात्रेपुरत्या, म्हणजे दहा कुप्या, काचनळ्या, अॅड्रिनलिन आणि त्या वापरण्याचा सराव असलेला माणूस असावा. पहिली मात्रा तेथेच देऊन मग रुग्ण पुढे पाठवावा. यातील एकही गोष्ट राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही. नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात लस किती आहे, यापेक्षा बांधापासून जवळच्या केंद्रात ती टोचण्याचे धैर्य आहे की नाही, यावरच आवणीला गेलेला माणूस घरी परतेल की नाही, हे ठरणार आहे.