फेब्रुवारीत घरी नसलेली माणसे

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका वाचण्याचा मला जुना नाद आहे. कुठे किती घरे, किती शेतकरी, किती शेतमजूर हे रकाने वाचता वाचता रात्र सरते. त्यातही ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडची पाने मी पुन्हापुन्हा काढतो, कारण तिथल्या आकड्यांची आणि माणसांची गाठच पडत नाही.

ढोबळ चित्र वाचकांना ठाऊक आहे. २०११ साली शहापूर तालुक्यात ३,१४,१०३ माणसे होती, मुरबाडमध्ये १,९०,६५२. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या ठाणे जिल्ह्याची निम्म्याहून अधिक जमीन या दोन तालुक्यांत आहे आणि लोकसंख्या मात्र शंभरात सहा. बाकीचे बहुतेक सहा महापालिकांच्या हद्दींत कोंबलेले. इकडे कुणबी, आगरी, ठाकर, महादेव कोळी, वारली, कातकरी. खरिपाचा भात, वरकसावर नाचणी-वरी, पाणी असेल तिथे भेंडी. वाशिंद-आसनगावचे कारखाने, मुरबाडची एमआयडीसी, पहाटेची कसारा लोकल, आणि अलीकडे डोंगरउतारावर मुंबईकरांची फार्महाऊसे. पौषात म्हशाची जत्रा भरते. तिथला बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार अजून टिकून आहे, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

पाण्याची गोष्ट मात्र अशी पटकन उरकता येत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातले साठ टक्क्यांच्या घरातले पाणी तानसा आणि भातसा या दोनच जलाशयांत, म्हणजे शहापूर तालुक्यात. पावसाळ्यात रोज सकाळी हा साठा वर्तमानपत्रांत छापून येतो, शेवटच्या दशलक्ष लिटरपर्यंत. तानशाचे धरण १८९२ चे; पावणेदोन मैल लांबीची दगडी भिंत, ११८ फूट उंच. बांधणारे अभियंते डब्ल्यू. जे. बी. क्लर्क यांनी तिच्यावर लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे सविस्तर निबंध सादर केला. भिंत पुढेमागे १३५ फुटांपर्यंत चढवता यावी अशा बेताने पाया रुंद घातला होता. शहराची तहान वाढणार हे त्यांनी आधीच हिशेबात धरले होते.

तानशाचे नाव मुंबईच्या पाण्यासाठी सुचवले ते अभियंते हेक्टर टुलॉक यांच्या १८७२ च्या अहवालाने. मुंबई इलाख्यातली पहिली सार्वत्रिक जनगणनाही त्याच वर्षी झाली, २१ फेब्रुवारी १८७२ रोजी. या खोऱ्यातले पाणी आणि माणसे एकाच वर्षी सरकारी कागदावर आली. हा निव्वळ योगायोग असेल, पण मला त्याने बरेच दिवस झोप येऊ दिली नाही. पाण्याचा हिशेब पुढे वर्षभर होत राहिला. माणसांचा मात्र ठरलेल्या ऋतूतच. १८८१ ची मोजणी १७ फेब्रुवारीला, १८९१ ची २६ फेब्रुवारीला, १९०१ ची १ मार्चला. साहेबाची कारणे चोख होती: कोरडी हवा, गणकाला चांदणे, जत्रा आणि लग्ने टाळून निवडलेली तारीख, म्हणजे रयत घरी सापडेल. स्वातंत्र्यानंतरही हा पायंडा मोडला नाही. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणी.

पण कातकरी फेब्रुवारीत घरी नसतो. तेव्हाही नसायचा. पाऊस सरला की कुटुंबे जंगलात जाऊन खैराचा कात काढत. वनखात्याने खैर राखून ठेवल्यावर कोळशाच्या भट्ट्या आल्या, आणि मुंबई-ठाण्याच्या इमारती वर चढू लागल्यावर वीटभट्ट्या. श्रावण-भाद्रपदात घरातले भात संपते, तेव्हा मुकादम ‘उचल’ देऊन जातो. दिवाळी आटोपली की टेम्पो येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे सगळे त्यात चढते आणि वाडी ओस पडते. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर मजूर मोजतात ते ‘जोडी’ने: नवराबायको मिळून एक. रात्री गारा मळायचा, पहाटेपासून साच्यातून विटा पाडायच्या, मोबदला हजार विटांवर. दर आठवड्याला बाजारापुरती ‘खर्ची’ हातावर पडते आणि मालकाच्या वहीत चढते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो: पाडलेल्या विटा, वजा उचल, वजा खर्ची. वहीत नाव नवऱ्याचे. बायकोने पाडलेल्या विटा त्याच नावावर आणि पोरांनी वाहिलेल्या कुणाच्याच नाही. ‘अंगावर बाकी’ निघाली की पुढच्या दिवाळीला त्याच मालकाकडे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. तो अमलात यावा म्हणून विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला ऐंशीच्या दशकापासून झगडावे लागले, आणि पोरांची शाळा बुडू नये म्हणून भट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ निघाल्या.

आता जनगणनेचा नियम पाहा. मोजणीच्या पूर्ण काळात जो गावी नाही, तो गावच्या यादीत येत नाही. तो असेल तिथे मोजायचा. नियम तर्काला धरून आहे. पण शहापूरच्या वाडीतले कुटुंब त्यामुळे भिवंडी तालुक्याच्या खात्यात जाते, तेही गणक भट्टीपर्यंत पोचला तर. सहा महिन्यांहून कमी काम केलेला माणूस ‘सीमांतिक’ कामगार, हा दुसरा नियम. चार महिने शेतात आणि सहा-सात महिने भट्टीवर राबणाऱ्याचे वर्ष कोणत्या रकान्यात बसवायचे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

याने काय बिघडते? बरेच काही. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात आली. अशा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी योजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो, आणि तो वाटला जातो आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात. टँकरचेही तेच. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. टंचाईत माणशी रोज वीस लिटर द्यायचे असा राज्याचा निकष. त्याला गुणायचे लोकसंख्येने. २०१९ च्या दुष्काळात २०११ चा आकडा सोडून २०१८ ची लोकसंख्या धरा, असा आदेश मुख्यमंत्र्यांना काढावा लागला. पण मूळ मोजणीतच जी घरे कुलूपबंद होती, ती कोणत्याही वाढीच्या दराने भरत नाहीत. ही कुटुंबे मेअखेर परततात, नेमकी विहिरी तळाला गेलेल्या असताना.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख जाहीर झाली आहे: १ मार्च २०२७. मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, भट्ट्या ऐन भरात असताना, आणि या खेपेला जातीसह. त्याआधी घरयादीचा टप्पा आहे: एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्याने निवडलेले तीस दिवस. या यादीत घरात राहणाऱ्यांची संख्याही लिहिली जाते. हे तीस दिवस पावसाळ्यात धरले, तर एकाच वाडीच्या दोन याद्या हाती येतात, एक माणसांसह आणि एक कुलपांसह. दुसरी पहिलीतून वजा केली की दीडशे वर्षे कुठल्याही पुस्तिकेत न आलेला आकडा निघतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा खर्चही नाही. तहसील कचेरीतल्या कुणी तरी दोन कागद शेजारी ठेवले तरी पुरे.