जामिनाचं दुकान

टेक्सासमधल्या लबक शहरात जुन्या गाडीत राहणाऱ्या एका माणसानं थंडीच्या रात्री दुकानातून चार ब्लँकेटं उचलली आणि तो पकडला गेला. जामीन ठरला ३,५०० डॉलर. खरं तर ३५० डॉलर असते तरी त्याचं काम भागलं असतं, पण तेवढेही नव्हते. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओच्या लॉरा सलिव्हन यांनी २०१० मध्ये त्याची हकीकत सांगितली तोवर त्यानं सहा महिने कोठडीत काढले होते.

हे ३५० कुठून आले, ते सांगायला हवं. जामीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणूस येतो: ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात ताटकळणारा मामा, नाहीतर शेजारी. अमेरिकेत जामीन म्हणजे दुकान. तुरुंगासमोरच्या रस्त्यावर, रात्रभर दिवे लावून उघडं. जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के द्यायचे, मग बेल बाँडवाला कोर्टाला पूर्ण रकमेची हमी देतो. आरोपी निर्दोष सुटला तरी ते दहा टक्के परत मिळत नाहीत. आईनं किंवा बायकोनं सह्या करायच्या, अनेकदा घरही तारण लिहून द्यायचं. दुकानदाराच्या मागे विमा कंपनी उभी असते. असा उघड, कायदेशीर धंदा जगात अमेरिका आणि फिलिपीन्स या दोनच देशांत म्हणावा असा आहे. त्याचा उगम सांगतात सॅन फ्रान्सिस्कोच्या कर्नी स्ट्रीटवरच्या एका दारूच्या गुत्त्यात, १८९८ च्या सुमारास. गुत्ता मॅक्डोना कुटुंबाचा होता आणि कोर्ट हाकेच्या अंतरावर. गिऱ्हाइकांना सोडवता सोडवता पुढं तोच मुख्य धंदा झाला.

या धंद्याला पहिला धक्का दिला तो एका केमिकल इंजिनिअरनं. लुई श्वाइत्झर गडगंज होता. बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं एक अख्खं नाट्यगृह भेट दिलं होतं, यावरून कल्पना यावी. न्यूयॉर्कच्या तुरुंगात केवळ पैशांअभावी महिनोन् महिने पडून असलेली पोरं पाहून तो अस्वस्थ झाला. हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकाला हाताशी धरून त्यानं आईच्या नावानं ‘व्हेरा’ संस्था काढली आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ सुरू झाला. पद्धत अगदी साधी. न्यूयॉर्क विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी कोठडीत जाऊन विचारत: या पत्त्यावर किती दिवस राहतोस, नोकरी कुठं, शहरात नात्यातलं कोण? मग फोन करून खातरजमा करत, गुण देत आणि पुरेसे गुण पडले तर न्यायाधीशाला सांगत, याला नुसत्या शब्दावर सोडा. शिफारशीला पात्र ठरलेल्यांपैकी काहींची शिफारस तुलनेसाठी मुद्दाम रोखून धरली होती. पहिल्या वर्षात शिफारस झालेल्यांपैकी ५९ टक्के सुटले, रोखलेल्यांपैकी १६ टक्के. तीन वर्षांत साडेतीन हजारांवर लोक असे सुटले आणि त्यांतले जेमतेम १.६ टक्के तारखेला जाणूनबुजून गैरहजर राहिले.

बाँडवाल्याची चिडचिड यानंतर समजू शकते. ज्याला नोकरी आहे, घर आहे, सही करायला आई आहे, तेच त्याचं सर्वांत बिनधोक गिऱ्हाईक. नेमकी तीच साय अशा प्रकल्पाचा माणूस फुकटात काढून नेतो. चार ब्लँकेटांवाल्याशी त्याला तसंही कर्तव्य नव्हतं, कारण छोट्या जामिनात सुटतं काय?

राज्यांनी आपापल्या वाटा धरल्या. इलिनॉयनं १९६३ मध्ये ते दहा टक्के दुकानाऐवजी थेट कोर्टात भरायची सोय केली आणि दुकानं आपोआप बसली. केंटकीनं १९७६ मध्ये हा धंदाच गुन्हा ठरवला आणि राज्यभर सरकारी यंत्रणा उभारली. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्यात मात्र उलट घडलं. तिथला सुटकेचा कार्यक्रम चांगला चालला होता. बाँडवाल्यांनी लॉबीवाले लावले आणि २००९ मध्ये परगण्याच्या मंडळानं त्याला कात्री लावली.

या धंद्याच्या बाजूनं एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. हेलँड आणि टॅबरॉक या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं की बाँडवर सुटलेले आरोपी तारखा कमी चुकवतात आणि पळालेच तर लवकर सापडतात. पैसे अडकलेला माणूस मागे लागतो, हे खरंच आहे. पण न्यू जर्सीचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहा. १ जानेवारी २०१७ पासून तिथं पैशांऐवजी जोखीम मोजून निर्णय होऊ लागले आणि त्या वर्षी राज्यभरात रोख जामीन लावला गेला फक्त ४४ वेळा. हजेरी ९२.७ टक्क्यांवरून ८९.४ वर आली, म्हणजे घसरली, पण कोसळली नाही. २०१५ ची अखेर ते २०१८ ची अखेर एवढ्या काळात खटल्याआधीच्या कैद्यांची संख्या जवळपास ४४ टक्क्यांनी उतरली. एक विमा कंपनी याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात गेली आणि हरली.

कॅलिफोर्नियात मात्र धंदा जिंकला. २०१८ मध्ये रोख जामीन संपवणारा कायदा झाला, बाँडवाल्यांनी सह्या गोळा करून तो जनमताला टाकायला लावला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ५६ टक्के मतदारांनी तो फेटाळला. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या काही संघटनाही विरोधात होत्या. जोखमीचं गणित मांडणारा संगणक गरीब वस्तीलाच पुन्हा धोकादायक ठरवेल, ही त्यांची भीती. ती अनाठायी नव्हती. शिवाय काही ठिकाणी पायात इलेक्ट्रॉनिक कडं अडकवून सोडतात आणि त्याचं भाडं आरोपीकडूनच वसूल करतात. दुकान गेलं, मीटर राहिला.

मॅनहॅटनच्या त्या प्रयोगाचं नाव आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आहे. १२ फेब्रुवारी १९७९ रोजी हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्याचा दाखला देऊन म्हटलं की समाजात मुळं असलेल्या आरोपीला वैयक्तिक बंधपत्रावर सोडायला हरकत नसावी. जामीनदाराला नुकसानभरपाईची हमी देणारा करार आपल्याकडे रद्दबातल ठरतो, त्यामुळे बाँडची दुकानं इथं उघडलीच नाहीत. तरीही २०२२ च्या अखेरीस भारतातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते.