मोटारीवरचा आळ

“आमची मोटार बिघडली,” असे मी कॉलेजच्या प्राध्यापक-कक्षात म्हणालो, तेव्हा दोघातिघांनी एकदमच विचारले, “गाडी कधी घेतलीत?” या एका शब्दाने मराठीत फार घोटाळे केले आहेत. माझी मोटार विजेची, अर्ध्या अश्वशक्तीची, जुन्या बाजारातून आणलेली. मागच्या पडवीत ती एक रबरी अस्तराचे पिंप रात्रंदिवस फिरवते आणि त्या पिंपात गारगोट्या असतात.

हे वेड नेवाशाचे. मराठीच्या मास्तराने नेवाशाला जायचे ते ज्ञानेश्वरीसाठी. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण इकडे मी पैसाच्या खांबापुढे हात जोडून उभा, तर तिकडे आमचे चिरंजीव प्रवरेच्या पात्रात खिसे भरत होते! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून आपला काळा कातळ झाला. त्यातल्या पोकळ्यांत सिलिका साचत गेली आणि तिचीच ही अकीक झाली. १९५४ ते ५६ मध्ये डॉ. सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा याच जातीच्या गारेची, ताम्रपाषाणयुगातली चिमुकली पाती निघाली होती.

दगड घासून गुळगुळीत करायला नदीला युगे लागतात. खंबायतचे कारागीर पूर्वी अकिकाचे मणी कातडी पिशवीत घालून ती दिवसचे दिवस इकडून तिकडे लोळवीत. पुढे तिथेही विजेवर फिरणारी पिंपे आली. आमचे पिंप त्याच कुळातले. ते दोन-तृतीयांश दगडांनी भरायचे, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घालायची आणि फिरवत ठेवायचे. आधी जाड भुकटी, मग मध्यम, मग बारीक आणि शेवटी पॉलिश. प्रत्येकीला आठवडाभर तरी द्यावाच लागतो. मध्ये झाकण उघडायचे नाही, असा चिरंजीवांचा दंडक. कोणता दगड कोणत्या घाटावरचा, याची त्यांनी वहीसुद्धा ठेवली आहे. पुढच्या जूनमध्ये तो पुण्याला शिकायला जाणार. त्याचा आणि माझा एकत्र असा हा एकच उद्योग.

एका रात्री मोटार नुसतीच गुणगुणू लागली. फिरेना. हात लावला तर चटका बसला. मी बटण बंद केले आणि निकालही देऊन टाकला : “जास्त दगड भरून जाळलीस ना मोटार!”

“बाबा, मी मापानेच भरले होते,” तो म्हणाला. मी ऐकून घेतले नाही. त्याने वही मिटून कपाटात ठेवली आणि चार दिवस पडवीकडे फिरकला नाही.

भंगारवाला तांब्याच्या भावाने मोटार न्यायला तयार होता. सौ. म्हणाली, “अहो, आधी कोणाला दाखवा तरी!” म्हणून ती पिशवीत घालून वाइंडिंगच्या दुकानात नेली.

तिथल्या वृद्ध मिस्त्रींनी आधी मोटारीचा वास घेतला. “सर, वाइंडिंग जळाल्याचा वास न्हाई.” मग शाफ्ट हाताने फिरवला. आत कुरकुर ऐकू आली. वरखाली हलवला तर खुळखुळला. एका दिव्याच्या दोन तारा लावून त्यांनी बॉडीत वीज उतरत नाही, याची खात्री केली. मग शाफ्टला दोरी गुंडाळली, बटण दाबले आणि भोवऱ्यासारखी ओढली. मोटार खडखडत का होईना, चालू लागली! “म्हंजी चालती कॉइल शाबूत. कंडेन्सर गेला.” बटण बंद करून कंडेन्सरमधली उरलीसुरली वीज त्यांनी आधी उतरवली, मगच त्याला हात लावला. (घरी खटपट करणाऱ्यांनी हे विसरू नये.)

मोटार उघडली. बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी करडा चिखल! ती माझी भुकटी होती. गारेला झिजवणारी वस्तू पोलादाला काय दाद देणार? बेअरिंग अडखळले, म्हणून मोटार पुरता वेग घेईना. वेग आला की सुरुवातीची कॉइल तोडणारा आतला स्विच मग सुटेना. ती कॉइल आणि कंडेन्सर तापत राहिले आणि शेवटी कंडेन्सरने प्राण सोडला.

“पट्टा कोणी एवढा ताणलावता? शाफ्टवर वळ उठल्यात,” मिस्त्री म्हणाले, “आन् पिंप गळतंय का?”

पट्टा मी ताणला होता, वीणेच्या तारेसारखा. आणि पिंप गळत होते, कारण वर्षभर मी रोज रात्री सगळी निजल्यावर झाकण उघडून दगड पाहत होतो आणि अंधारात ते वाकडेतिकडे बसवत होतो. मोटार अगदी त्याच्याखाली.

दोन्ही बाजूंनी बंद अशी ६२०३ नंबरची दोन बेअरिंगे आणि जुन्याच मापाचा कंडेन्सर बसला. स्विचचे पॉइंट साफ झाले. वाइंडिंगला हात लावावा लागला नाही. मोटार आता पिंपाच्या बाजूला उंच फळीवर बसते आणि अंगठ्याने दाबला तर पट्टा अर्धा इंच दबतो.

त्या रात्री जेवताना मी सौ.समोर सगळे कबूल केले. मुलाने आमटी ओरपली आणि म्हणाला, “मला माहीत होतं, बाबा. झाकणावर मी खडूची खूण करायचो. रोज सकाळी ती सरकलेली असायची.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही इतक्या आवडीनं बघत होता...”

जेवण झाल्यावर त्याने कपाटातून वही काढली. दुसऱ्या दिवशी झाकणाला एक लहानसे कुलूप लागले. किल्ली त्याच्या आईकडे आहे.