जड पाणी, हलकं पाणी आणि चांगलं पाणी



पाणी आणण्याबद्दल आपण बायका जन्मभर बोलत आलो. आज पाणी ओळखण्याबद्दल बोलूया. निमित्त असं, की सध्या बऱ्याच बचत गटांच्या बैठकीत एकच मागणी येते, आरओ मशीनसाठी अंतर्गत कर्ज हवं. कारण विचारलं की सांगतात, "आमचं बोअरचं पाणी लई जड आहे. पुण्याला लेकीकडे बघा, नळाचं पाणी कसं हलकं! तिथलं पाणी चांगलं, आपलं वाईट." यातली पहिली गोष्ट खरी आहे, पण दुसरी त्यातून निघत नाही. पाण्याचा जडपणा वेगळा आणि पाण्याचा वाईटपणा वेगळा. गटाचा पैसा मशीनमध्ये घालण्याआधी एवढा फरक समजला तरी पुष्कळ झालं.

आधी पुण्याचं पाणी हलकं का, ते पाहू. पुण्याला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचं पाणी मिळतं. ही धरणं सह्याद्रीच्या कुशीत आहेत. तिथे धो धो पाऊस पडतो आणि पाणी काळ्या कातळावरून झपाट्याने वाहत धरणात येतं. पावसाचं पाणी मुळात हलकंच असतं. दगडमातीशी त्याची गाठ थोडाच वेळ पडते, त्यामुळे त्यात क्षार फार उतरत नाहीत.

आपल्या बोअरचं पाणीही एके काळी पाऊसच होतं. पण ते जमिनीत मुरतं, खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं राहतं आणि तिथले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. पाऊस कमी आणि बोअर खोल, तिथे पाणी बहुधा जास्त जड. पुण्यातही कडेच्या ज्या सोसायट्या बोअरवर किंवा टँकरवर चालतात, तिथल्या बायका साबणाला फेस येत नाही म्हणून आपल्यासारख्याच कुरकुरतात. म्हणजे शहर की खेडं हा प्रश्नच नाही. पाणी कुठून आलं, यावर त्याचा जडपणा ठरतो.

जड पाण्याच्या खुणा तुम्हाला मी काय सांगाव्यात! डाळ शिजता शिजत नाही. बंबात, पातेल्यात पांढरा थर बसतो. कपडे कडक होतात, केस राठ होतात, साबण जास्त लागतो. हा सगळा त्रास आणि खर्च खराच आहे. पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे काही विष नाही, आपल्या शरीराला ते लागतात. जड पाण्यामुळेच मुतखडा होतो, असंही सिद्ध झालेलं नाही. उलट मुतखड्याच्या बऱ्याच रुग्णांना डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. पाणी उकळून गार केलं की काही जडपणा तळाशी बसतो. डाळीसाठी असं वरचं निवळलेलं पाणी घेतलं तर फरक पडतो.

आता हलक्या पाण्याची दुसरी बाजू. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस नावाच्या आजाराची साथ आली. या आजारात आधी एखादा संसर्ग होतो आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. हातापायांतली ताकद जाते. काही रुग्णांना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू सापडला आणि संशय पाण्याकडे गेला. त्या भागात काही ठिकाणी धरणाजवळच्या विहिरीचं पाणी पुरेशा शुद्धीकरणाविना जात होतं. काही घरांच्या नळात क्लोरिनचा अंशही आढळला नाही.

खडकवासल्याच्या इतक्या जवळचं ते पाणी. त्यातला जंतू डोळ्यांना दिसला नाही, जिभेला कळला नाही. इतकंच नाही, त्याच भागातल्या काही खासगी आरओ केंद्रांचं पाणीसुद्धा तपासणीत पिण्यास अयोग्य ठरलं आणि महापालिकेने ती केंद्रं बंद केली. "आरओचं आहे" एवढ्यावर पाणी चांगलं ठरत नाही. टाकी, जार, नळी यांतलं काहीही घाण असलं तरी जंतू परत येतात.

मग चांगलं पाणी नासतं कुठे? बहुतेक वेळा वाटेत. नळ दिवसातून तासभर येतो, बाकी वेळ पाइप रिकामा असतो. पाइप गटारातून गेला असेल आणि तिथे फुटका असेल, तर रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी ओढलं जातं. कुणी नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणीही असंच आत शिरतं. हे शहरात घडतं, तसं आपल्या गावातही घडतं. म्हणूनच पाण्यात क्लोरिन शेवटच्या घरापर्यंत पोचायला हवा. तो एका लिटरमध्ये किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती हीच. थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. ही टेस्ट टाकीखालच्या नळावर करून भागत नाही, वस्तीच्या टोकाच्या घरी करायला सांगा.

आता मशीन विकायला येणाऱ्यांचं प्रात्यक्षिक. एक माणूस येतो, तुमच्या पाण्यात लोखंडी सळ्यांचं यंत्र बुडवतो आणि वीज सुरू करतो. पाणी तांबडं-काळं होतं, वर गाळ तरंगतो. "बघा ताई, तुम्ही काय पिता!" शेजारच्या ग्लासातलं आरओचं पाणी मात्र तसंच राहतं. मैत्रिणींनो, तो गाळ बहुतेक त्या सळ्यांच्याच लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीज वाहत नाही. पुढच्या वेळी त्याच्या ग्लासात घरचं चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा सळ्या बुडवायला सांगा. तेही पाणी तांबडं होईल. टीडीएस मीटरचंही तसंच. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत.

मग आरओ कधीच नको का? तसं नाही. पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल, किंवा क्षार फारच असतील आणि दुसरा स्रोत नसेल, तर त्याचा उपयोग आहे. फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाहीत. पाणी आटलं की उलट दाट होतात. नायट्रेट खतांतून आणि शौचालयाच्या खड्ड्यांतून येतं. ते तान्ह्या बाळाला फार घातक असतं, अशा पाण्यात बाळाची दुधाची पावडर कालवू नये. पण हे ठरवायला तपासणीचा कागद हवा. विक्रेत्याचा शब्द चालणार नाही. शिवाय मशीन एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर सोडतं. उन्हाळ्यात टँकर घेणाऱ्या घराने हाही हिशेब करावा.

तपासणीचा कागद हातात आला की एवढे आकडे पाहा. सगळे एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. एकूण कठीणपणा 200 पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, 500 पर्यंत उत्तम, नाइलाजाने 2000 पर्यंत. फ्लोराइड 1 पर्यंत, फार तर 1.5. नायट्रेट 45, त्यापुढे सवलत नाही. आणि विष्ठेतले जंतू शून्य, तिथेही सवलत नाही.

ही तपासणी आपल्या हाताशी आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आणि तपासणी संच कुठे ठेवला आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा. जंतूंच्या तपासणीची छोटी बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची, पाणी काळं झालं तर ते दूषित. क्षारांची तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा व्हायला हवी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून आलेला अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

तोवर घरात काय करावं? पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. ते गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा. सरपण, गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडून क्लोरिनचं औषध घ्या, सांगतील तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. पिण्याचं भांडं झाकलेलं असावं, पाणी ओगराळ्याने काढावं.

गटात आरओच्या कर्जाचा अर्ज आला, तर सचिव ताईंनी आधी पाण्याचा अहवाल मागावा. अहवालात जंतू निघाले, तर औषध आहे टीसीएल पावडर, पाइपची दुरुस्ती आणि उकळलेलं पाणी. नुसता जडपणा निघाला, तर ते पैसे शेळीला, शिलाई यंत्राला, लेकीच्या फीला वापरा. आणि फ्लोराइड किंवा नायट्रेट निघालं, तर एकेका घराने कर्ज का काढावं? सगळ्या गटांनी मिळून ग्रामसभेत ठराव मांडा आणि गावासाठी सुरक्षित स्रोत मागा. पिण्यालायक पाणी देणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे, ते आपण मागून घेऊ.