थाळीकडून वजनकाट्याकडे

१९८१ साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो या ब्रिटिश संशोधकांनी अमेरिकेतल्या कर्करोग-मृत्यूंच्या कारणांची मांडणी केली, आणि आहारापुढे ३५ टक्के हा आकडा लिहिला. तंबाखूच्या ३० टक्क्यांहून तो मोठा, त्यामुळे तो गाजला. त्याच्या शेजारचीच ओळ फारशी कुणी वाचली नाही. खरा आकडा १० ते ७० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो, असं त्यांनी तिथेच नोंदवलं होतं. गेल्या चार दशकांचा हिशोब मांडला तर दिसतं ते असं: ताटातल्या एकेका घटकाच्या मागे लागलेलं संशोधन बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परतलं, आणि ज्या वजनाकडे सुरुवातीला दुय्यम म्हणून पाहिलं गेलं, त्याच्याविरुद्धचा पुरावा घट्ट होत गेला.

बीटा कॅरोटिनचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. गाजर आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता. मग त्यातला गुणकारी घटक वेगळा काढून दिला तर? शंका रास्त होती आणि ती तपासायची रीतही चोख होती. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले आणि काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिनची कॅप्सूल दिली. १९९४ साली निकाल आला. कॅप्सूल घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तिथेही नुकसानच दिसत होतं. भाजी खाणारा माणूस आणखी दहा गोष्टी वेगळ्या करत असतो. त्याच्या ताटातून एक रेणू उचलला म्हणून त्याचं आरोग्य बाटलीत भरता येत नाही, हे त्या कॅप्सूलनं फार महागात शिकवलं.

स्निग्ध पदार्थांचंही तसंच झालं. पाळी थांबलेल्या ४८,८३५ अमेरिकन स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एका गटाला चरबी एकूण उष्मांकाच्या २० टक्क्यांवर आणायला सांगितलं होतं. सरासरी आठ वर्षांनंतर, २००६ साली निकाल आला: स्तनाचा कर्करोग ९ टक्क्यांनी कमी, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान, आतड्याच्या कर्करोगात काहीच फरक नाही. यावरून आहाराचा संबंधच नाही असं म्हणणं घाईचं ठरेल. दारू, प्रक्रिया केलेलं मांस, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन यांच्याबद्दल शंका उरलेली नाही. अडचण मोजमापाची आहे. गेल्या वर्षभरात अमुक पदार्थ आठवड्यातून किती वेळा खाल्ला, असं प्रश्नावली विचारते आणि माणूस आठवून उत्तर देतो. फोडणीला रोज किती तेल पडतं, हे स्वयंपाक करणारीलाही चमच्यात सांगता येत नाही. त्यात वजन जास्त असलेली माणसं स्वतःचं खाणं अधिक कमी करून सांगतात, हे शरीरानं खर्चलेली ऊर्जा मोजून सिद्ध झालेलं आहे. वजनकाटा मात्र आठवणीवर चालत नाही.

आणि काट्याची साक्ष जुनी आहे. पेटन राऊस यांनी १९१४ साली उंदरांचा खुराक कमी करून गाठींची वाढ मंदावते हे पाहिलं होतं. चाळीसच्या दशकात शिकागोत अल्बर्ट टॅननबॉम यांनी तेच अधिक काटेकोरपणे दाखवलं. माणसांतला मोठा पुरावा २००३ साली आला. नऊ लाखांहून अधिक अमेरिकनांचा १६ वर्षं मागोवा घेतला तेव्हा सर्वांत स्थूल गटात कर्करोगानं होणारे मृत्यू पुरुषांत ५२, तर स्त्रियांत ६२ टक्क्यांनी जास्त आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ साली पाच कर्करोगांचा संबंध स्थूलतेशी जोडला होता. २०१६ साली ती यादी तेरावर गेली. कारणंही उलगडली. पाळी थांबल्यावर चरबीच्या पेशीच इस्ट्रोजेन तयार करतात, इन्शुलिन चढं राहतं, शरीरात मंद दाह धुमसत राहतो.

यावर आक्षेप असा, की स्थूल माणसं इतर बाबतींतही वेगळी असतात, मग दोष वजनाचाच कशावरून? धूम्रपानाची शंका सर्वांत मोठी होती, कारण सिगारेटनं माणूस बारीकही होतो. पण कधीच न ओढणाऱ्यांपुरतं पाहिलं तरी संबंध टिकतो. वजन उतरल्यावर धोकाही उतरतो का, हा त्याहून कठीण प्रश्न. २०२२ साली क्लीव्हलंड क्लिनिकमधून आलेल्या अभ्यासात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ५,०५३ जणांत स्थूलतेशी निगडित कर्करोग ३२ टक्क्यांनी कमी आढळले. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, त्यामुळे तिला अखेरचा शब्द मी मानत नाही. पण सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. या पुराव्यातून रुग्णालाच दोषी ठरवण्याची सवय मला क्रूर वाटते. हे आकडे लोकसमूहाचे आहेत. समोरच्या बाईला गाठ का झाली, ते त्यांतून सांगता येत नाही.

आपल्याकडे मात्र काटाही अपुरा पडतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यांचा विषय मधुमेहाचा होता, पण पाश्चात्त्य निर्देशांक भारतीय अंगाला तसाच लावता येत नाही, हे इथेही लागू पडतं. शिवाय पाळी चालू असलेल्या वयात एकूण वजन जास्त असलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका उलट थोडा कमी दिसतो, आणि भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो. मग वजनाचा मुद्दा इथे बाद होतो का? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजनासोबत कंबर आणि नितंबांचा घेरही मोजला. नितंबांच्या मानानं कंबर जितकी जास्त, तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त निघाला. पाळी चालू असलेल्या बायकांतही आणि थांबलेल्यांतही.